गौतमीमाहात्म्य व गोदेचा उगम : एका साधनाचें परीक्षण

(१)

महाराष्ट्रांतील क्षेत्रांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यापुढें पहिली अडचण उभी राहते ती माहात्म्यग्रंथांची. क्षेत्र जितकें थोर तितकें त्याचें माहात्म्य मोठें, आणि माहात्म्य जितकें मोठें तितकें त्यांतून इतिहास काढणें कठीण, असा अनुभव आहे. अस्सल कागदास मान देण्याची जी शिस्त कै. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करून घालून दिली, तिच्यापुढें बखरींनाहि दुय्यम जागा घ्यावी लागली; मग पुराणांतर्गत माहात्म्यांची गोष्ट बोलावयासच नको. एक पक्ष तीं शब्दशः खरीं मानून क्षेत्राचा काळ कृतयुगापर्यंत मागें नेतो. दुसरा पक्ष भाकडकथा म्हणून तीं बाजूस सारतो. दोन्ही पक्षांत एक गोष्ट मात्र समान आहे. ती ही कीं, माहात्म्य मन लावून कोणीच वाचीत नाहीं.

प्रस्तुत लेखांत गोदावरीच्या उगमाचें क्षेत्र जें त्र्यंबकेश्वर, त्याच्या माहात्म्याचें साधन या नात्यानें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हें माहात्म्य नदी कोठें उगम पावते हें सांगणारा भूगोल नव्हे, आणि क्षेत्र केव्हां वसलें हें सांगणारा इतिहासहि नव्हे. उगमाच्या पाण्यावर अधिकार कोणाचा, तो कोणत्या कर्मानें मिळतो व कोणत्या दोषानें जातो, हा त्याचा खरा विषय आहे. या दृष्टीनें तें वाचलें तर कागदपत्रांच्या अभ्यासकासहि तें उपयोगीं पडतें. न वाचलें तर त्याच क्षेत्रांतील पुढील काळच्या कागदांचा अर्थ अर्धा राहतो.

(२)

प्रथम स्थळाचा विचार करूं. नाशिकाच्या पश्चिमेस सुमारें २८ किलोमीटरांवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं त्र्यंबक गांव आहे. ब्रह्मगिरीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें १,२९५ मीटर उंच असून त्र्यंबकचा किल्ला म्हणून इतिहासांत प्रसिद्ध असलेला डोंगर तो हाच. येथून पश्चिम समुद्र जेमतेम ८० किलोमीटर दूर आहे. तरी गोदा त्याकडे पाठ फिरवून सुमारें १,४६५ किलोमीटर पूर्वेस वाहत जाते व बंगालच्या उपसागरास मिळते.

यात्रेकरूस येथें उगम एक दाखवीत नाहींत, तीन दाखवितात. डोंगराच्या माथ्यावर मूळगंगा. तेथून गुप्त झालेलें पाणी डोंगराच्या कुशींत प्रकटतें तें गंगाद्वार. आणि तेथून पुन्हा गुप्त होऊन गांवांत प्रकटतें तें कुशावर्त. गंगाद्वारास जाण्यास सुमारें सातशें पायऱ्या चढाव्या लागतात. माथ्यावर जाणारा मार्ग निराळा असून तो खडकांत खोदलेल्या पायऱ्यांनीं किल्ल्याच्या दरवाज्यांतून जातो. बहुतेक यात्रेकरू कुशावर्तीं स्नान करतात, देवाचें दर्शन घेतात आणि अंगांत बळ असल्यास गंगाद्वारापर्यंत जातात. माथ्यावर पोंचणारे त्याहून थोडे. म्हणजे यात्रेचा क्रम पाण्याच्या क्रमाच्या नेमका उलटा आहे. पाणी वरून खालीं येतें. यात्रेकरू खालून वर जातो, आणि मुख्य पुण्य त्यानें आरंभींच पदरांत घेतलेलें असतें.

पाण्याच्या या गुप्तप्रकट होण्याचा उलगडा करणें अवघड नाहीं. सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाच्या थरांचा आहे. कांहीं थर भेगाळ असून पाणी जिरवितात. कांहीं घट्ट असून तें अडवितात. माथ्यावर पडलेलें पाणी भेगांतून उतरतें व घट्ट थराशीं आलें म्हणजे डोंगराच्या कुशींतून झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. एवढें सांगितलें कीं माहात्म्याचा निकाल लागला, असें मानणारे लेखक आहेत. पण या उलगड्यानें पाण्याचा निकाल लागतो; कथेचा लागत नाहीं. सह्याद्रींत असे झरे शेंकडों आहेत. त्यांतील याच तीन ठिकाणांस तीन नांवें कां मिळालीं, त्यांतील सर्वांत खालच्या ठिकाणास सर्वांत अधिक मान कां, आणि गंगा गुप्त झाली ती कोणास पाहून, हे प्रश्न कातळाच्या थरांनीं सुटत नाहींत.

इतर उगमक्षेत्रांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. भागीरथीच्या उगमाचें क्षेत्र म्हणून गंगोत्रीची कीर्ति. पण हिमनदींतून पाणी प्रत्यक्ष बाहेर पडतें तें गोमुख गंगोत्रीच्या देवळापासून सुमारें १८ किलोमीटर वर आहे. फ्रेझर हा इंग्रज प्रवासी १८१५ सालीं गंगोत्रीस गेला व कॅप्टन हॉजसन १८१७ सालीं हिमनदीच्या मुखापर्यंत पोंचला. इंग्रजांच्या नकाशांत उगम त्यामुळें वर सरकला. यात्रेकरूंचें क्षेत्र मात्र गोरखा सेनापति अमरसिंग थापा यानें बांधविल्याचें सांगतात त्या गंगोत्रीच्या देवळापाशींच राहिलें. आपल्याकडे महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचें पाणी एका दगडी गोमुखांतून पडतें. त्यांतील सावित्री कोंकणांत उतरून पश्चिम समुद्रास मिळते व कृष्णा पूर्व समुद्रास जाते. तरी भाविकास त्यांत विरोध दिसत नाहीं. क्षेत्राच्या दृष्टीनें उगम म्हणजे पाणी निघतें तें ठिकाण नव्हे, तर पाणी विधिपूर्वक हातीं घेतां येतें तें ठिकाण, असा याचा अर्थ. माहात्म्य लिहिलें जातें तें या दुसऱ्या ठिकाणासाठीं.

(३)

आतां ग्रंथांकडे वळूं. क्षेत्रांत ‘गौतमीमाहात्म्य’ या नांवाचा आधार घेतला जातो तो मुख्यतः ब्रह्मपुराणाचा. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९५ सालीं छापलेल्या ब्रह्मपुराणांत अध्याय ७० ते १७५ एवढा भाग गौतमीमाहात्म्याचा आहे. अनेक हस्तलिखितांत हा भाग स्वतंत्र ग्रंथ म्हणूनहि मिळतो, आणि त्याची ठेवणहि स्वतंत्र ग्रंथासारखी आहे. ब्रह्मगिरीपासून निघून समुद्रापर्यंत नदीच्या प्रवाहाबरोबर एकेक तीर्थ घ्यावयाचें व त्याची कथा सांगावयाची, असा त्याचा क्रम. म्हणजे या शंभरांवर अध्यायांतील फार थोडे उगमाविषयीं आहेत. बाकीचे सारे नदीविषयीं आहेत. छापील पुस्तकाचा आकार पाहून हें त्र्यंबकाचें माहात्म्य समजणें ही पहिली चूक.

गौतमानें गंगा आणल्याची कथा निदान तीन पुराणांत तीन रूपांनीं आली आहे. तिन्ही एकच असल्यासारख्या सांगण्याची रूढि छापील पुस्तिकांनीं पाडली आहे. त्यांतील भेद पुढें मांडतों, कारण आमच्या प्रतिपादनाचा सारा भार त्या भेदांवर आहे.

ब्रह्मपुराणाच्या कथेंत मूळ कारण देवांच्या घरचें आहे. शंकराच्या जटेंत गंगा राहते, ही गोष्ट पार्वतीस सलते. गणपति आईसाठीं युक्ति योजितो. पार्वतीची सखी जया ही गाय होऊन गौतमाच्या आश्रमांत शिरते व त्याच्या हातून पडते. गोहत्येच्या दोषांतून सुटण्यासाठीं गौतम तप करतो आणि जटेंतील गंगा ब्रह्मगिरीवर उतरते. पुढें याच ग्रंथांत गंगेचे दोन भाग सांगितले आहेत: एक ब्राह्मणानें म्हणजे गौतमानें आणलेला, दुसरा क्षत्रियानें म्हणजे भगीरथानें आणलेला, विंध्याच्या दक्षिणेस गौतमी, उत्तरेस भागीरथी. या आवृत्तीचा हेतु उघड आहे. दक्षिणेच्या नदीस उत्तरेच्या नदीचा दर्जा मिळवून देणें, किंबहुना आणणाऱ्याच्या वर्णावरून तिला किंचित् वरचढ ठरविणें, हा तो हेतु होय.

वराहपुराणांत (अध्याय ७१) कथा दंडकारण्यांतील आहे. अवर्षणांत गौतमानें ऋषींस अन्न देऊन जगविलें. सुकाळ होतांच त्यांस तेथून निघावयाचें होतें, म्हणून त्यांनीं मायेची गाय निर्माण करून गौतमास दोषी ठरविलें. कपट कळल्यावर गौतमानें त्यांस वेदबाह्य होण्याचा शाप दिला. येथें नदी ही जवळजवळ आनुषंगिक आहे. वेदास न मानणारे शैव पंथ कोठून आले, याचें उत्तर देण्यासाठीं ही आवृत्ति रचली आहे. त्र्यंबक क्षेत्राशीं तिचा संबंध बेताचाच.

तिसरी आवृत्ति शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेंत अध्याय २४ ते २७ यांत आहे, आणि त्र्यंबकाच्या यात्रेशीं खरोखर जुळते ती हीच. येथें अवर्षणांत वरुण गौतमास एक अक्षय पाण्याचा खळगा देतो. त्या पाण्यावर गौतमाचे शिष्य पाणी भरावयास गेले असतां ऋषिपत्नी तेथें येतात व ‘आम्ही आधीं भरणार’ म्हणून त्यांस अडवितात. अहल्या शिष्यांसह स्वतः जाऊन पाणी भरून आणते, तेव्हां त्या स्त्रिया रागावून घरीं जाऊन पतींचे कान भरतात. मग गणपतीची आराधना, त्याचें अनिच्छेनें गाय होणें, गवताच्या काडीनें तिचें पडणें, गौतमाचें बहिष्कृत होणें. ऋषि प्रायश्चित्त सांगतात, त्यांत ब्रह्मगिरीच्या १०१ प्रदक्षिणा आहेत आणि गंगा येथें आणून स्नान करण्याचा पर्यायहि आहे. शंकर प्रसन्न झाल्यावर गंगा येते, देव येतात, आणि गुरु सिंह राशीस असतां आम्ही येथें येऊं असें वचन देतात. पुढें गंगा औदुंबराच्या फांदींतून प्रकटते. त्या स्थळास गंगाद्वार हें नांव मिळतें. ज्यांनीं छळ केला ते ऋषि स्नानास येतांच ती गुप्त होते. गौतमाच्या विनवणीवरून पुन्हा प्रकटते. आणि कुशांनीं वेढून धरल्यावर कुशावर्त हें नांव पावतें.

आजच्या यात्रेंतील औदुंबर, गंगाद्वार, कुशावर्त, ब्रह्मगिरीची फेरी व सिंहस्थ हीं पांचहि अंगें या चार अध्यायांत एकत्र सांपडतात. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं सुमारें २० किलोमीटरांची फेरी घालणारे सहस्रावधि लोक ज्या वाटेनें चालतात ती या अध्यायांची वाट आहे. तात्पर्य, क्षेत्राच्या मुखीं नांव ब्रह्मपुराणाचें असलें तरी क्षेत्राचे पाय कोटिरुद्रसंहितेच्या मागून जातात.

(४)

आतां या तिसऱ्या आवृत्तीचा आशय पहावा. ती कथा गाईपासून सुरू होत नाहीं. पाणवठ्यावरील भांडणापासून सुरू होते. भांडण पाण्याच्या तुटवड्याचें नाहीं, कारण पाणी अक्षय आहे असें ग्रंथच सांगतो. भांडण आधीं कोणीं भरावें याचें आहे. शेवटहि तसाच आहे: गंगा सर्वांसाठीं आली, पण विशिष्ट लोक स्नानास येतांच ती लुप्त झाली. आरंभीं क्रमाचा तंटा, शेवटीं अधिकाराचा निवाडा, आणि मध्यें दोष व प्रायश्चित्त. ही रचना पौराणिक कथेपेक्षां एखाद्या महजराच्या रचनेस अधिक जवळ आहे. महजरांतहि प्रथम कज्जाचें कारण, मग वादीप्रतिवादी, मग दिव्य किंवा साक्ष व अखेर निर्णय असाच क्रम असतो. फरक एवढाच कीं, येथें साक्ष नदीनें दिली आहे.

ज्या समाजांत हा ग्रंथ वाचला गेला त्या समाजांत स्नानाच्या क्रमाचा प्रश्न जिवंत होता, असें यावरून अनुमान करण्यास हरकत नाहीं. पुढील काळीं तर त्याचा पुरावाच आहे. सिंहस्थांत शैव आखाडे त्र्यंबकास कुशावर्तावर व वैष्णव आखाडे नाशिकास रामकुंडावर स्नान करतात. २०१५ च्या सिंहस्थांतहि हीच व्यवस्था होती. पेशवाईंत स्नानाच्या मानावरून झालेल्या रक्तपातानंतर ही वाटणी ठरली, अशी क्षेत्रांतील परंपरा आहे. या वाटणीचें नांव कोणत्याहि पुराणांत नाहीं व असूंहि शकत नाहीं. पण ‘आधीं कोण’ हा ज्या कथेचा प्राण, ती कथा ज्या कुंडाच्या कांठीं वाचली जाते, त्याच कुंडाच्या कांठीं तो प्रश्न तरवारीवर जावा, हा योगायोग नव्हे. तंट्याचे कागद वाचणाऱ्यानें ही कथा वाचलेली असली पाहिजे, असें आम्ही म्हणतों तें याकरितां.

या मतावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. कथेंतील पाणवठ्याचें भांडण हें केवळ कथेचें निमित्त असून त्यांत हक्काचा प्रश्न पाहणें म्हणजे आजचा अर्थ मागें लादणें होय, असें कोणी म्हणेल. पण हें निमित्त ब्रह्मपुराणांत नाहीं, वराहपुराणांतहि नाहीं. गाईचा प्रसंग तिन्ही ठिकाणीं आहे, म्हणून तो कथेचा सांगाडा. भांडण एकाच ठिकाणीं आहे, म्हणून तें त्या आवृत्तीचें विशेष प्रयोजन. जें एका आवृत्तींत अधिक घातलें आहे त्यास कारण असावेंच लागतें, हा पाठचिकित्सेचा साधा नियम येथें लागू पडतो.

(५)

काळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आजचें ब्रह्मपुराण हें जुन्या निबंधकारांनीं उल्लेखिलेलें ब्रह्मपुराण नव्हे, असें डॉ. हाजरा यांनीं १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. पण गौतमीचे अध्याय कालपरवांचे आहेत असेंहि त्यावरून ठरत नाहीं. देवगिरीच्या निजामशाहींतील दलपति यानें १५०० च्या सुमारास रचलेल्या ‘नृसिंहप्रसाद’ या निबंधाच्या ‘तीर्थसार’ भागांत या अध्यायांतील साठांच्या आसपास श्लोक घेतलेले आहेत, ही गोष्ट म. म. काणे यांनीं ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडांत (१९५३) नोंदली आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभीं गोदेच्याच प्रदेशांतील एका शास्त्र्यास हे अध्याय ब्रह्मपुराणाचे म्हणून मान्य होते. एवढी खालची मर्यादा निश्चित धरावी.

वरच्या मर्यादेकडे शिलालेख थोडी दिशा दाखवितात. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत गोवर्धन व त्रिरश्मि पर्वत यांचीं नांवें आहेत. प्रभासास दिलेल्या दानांचा आणि पुष्करास जाऊन केलेल्या अभिषेकाचा व तेथें दिलेल्या तीन सहस्र गाईंचा उल्लेख आहे. ब्रह्मगिरीचा किंवा त्र्यंबकाचा नाहीं. बलश्रीच्या लेखांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यांतील पर्वतांची यादी आहे. तींत सह्य आहे, विंध्य आहे, मलय आहे, ब्रह्मगिरि नाहीं. मौनावरून मोठा निष्कर्ष काढणें धोक्याचें असतें. तरी उगमापासून एका दिवसाच्या चालीवर लेणीं खोदविणारा व ब्राह्मणांस मुक्तहस्तें दान देणारा जांवई, स्नानाचें पुण्य जोडण्यास पुष्करापर्यंत जातो आणि ब्रह्मगिरीचें नांव घेत नाहीं, ही गोष्ट कृतयुगापासूनच्या अखंड परंपरेचें वर्णन करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

(६)

माहात्म्यांत जें आहे त्याइतकेंच जें नाहीं तेंहि बोलकें असतें. ब्रह्मगिरीच्या गुहेंत गहिनीनाथांनीं निवृत्तिनाथांस उपदेश केला व शके १२१९ मध्यें निवृत्तिनाथांनीं येथेंच समाधि घेतली, ही वारकरी संप्रदायाची श्रद्धा; पौष वद्य एकादशीस येथें मोठी यात्रा भरते. मराठी माणसाच्या लेखीं त्र्यंबकाचें अर्धें माहात्म्य यांत आहे. संस्कृत पोथ्यांत त्याचा मागमूस नाहीं. पुराणें आपल्या काळानंतरच्या गोष्टी भविष्यरूपानें घालण्यास एरवीं कचरत नाहींत. तेव्हां येथील मौन काळाचें द्योतक मानावें, कीं क्षेत्रोपाध्याय व नाथपंथी यांच्या निराळ्या आसनांचें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. एकाच डोंगराचीं दोन माहात्म्यें दोन भाषांत शेजारीं शेजारीं नांदलीं, आणि एकानें दुसऱ्यास नांवानेंहि ओळखलें नाहीं.

दगडाचा पुरावा पाहतां आजचें काळ्या पाषाणाचें देऊळ नानासाहेब पेशवे यांनीं बांधण्यास काढलें. आरंभाचें साल १७५५ व समाप्तीचें १७८६ असें सांगतात; म्हणजे काम काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं, सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. कुशावर्ताच्या बांधीव कुंडाचें श्रेय पारनेरकरांकडे जातें. किल्ला १६७० त मोरोपंत पिंगळ्यांनीं घेतला व एप्रिल १८१८ त तो इंग्रजांकडे गेला. या दीडशें वर्षांत डोंगर हा एकाच वेळीं तीर्थ व ठाणें होता. मूळगंगेस जाण्याची वाट किल्ल्याच्या दरवाज्यांतून जात असल्यामुळें डोंगरावर चौकी असेल तेव्हां उगमाच्या दर्शनास किल्लेदाराची मर्जी लागणार, हें उघड आहे. अशा काळांत यात्रेचा भर माथ्यावरून उतरून गांवांतील कुंडावर स्थिर झाला असावा, असें आम्हांस वाटतें. पोथीनें कुशावर्तास मान दिला. किल्ल्यानें माथ्याची वाट अडविली. पेशवाईनें कुंड बांधून काढलें. तिन्ही कारणें एकाच दिशेनें काम करीत होतीं.

१८८३ सालच्या नाशिकच्या गॅझेटियरनें या कथा व ही दगडी माहिती एकत्र दिली, पण पोथी व पाषाण यांचा संबंध लावण्याचें काम त्याचें नव्हतें. तें आमचें होतें. तें अद्याप व्हावयाचें आहे.

(७)

हें काम होण्यास जें साहित्य लागतें त्याची आज काय स्थिति आहे, हें सांगून लेख पुरा करतों. कारण खरी चिंता तेथें आहे.

माहात्म्याची छापील प्रत हातीं आली कीं घरची पोथी निरुपयोगी झाली, असा समज क्षेत्रांतून व संग्राहकांतूनहि पसरलेला आहे. छापील प्रत पाठ देते. पण पोथी कोणीं, कोठें, कोणासाठीं व कोणत्या शकांत लिहिली, हें देत नाहीं. गौतमीमाहात्म्याच्या पोथीची किंमत तिच्या पाठांत जितकी आहे तितकीच तिच्या शेवटच्या पानांत आहे. शिवाय ब्रह्मपुराणाचे अध्याय व कोटिरुद्रसंहितेचे अध्याय एकाच बाडांत बांधलेले आढळले, तर तो फार मोलाचा पुरावा होईल. उपाध्याय प्रत्यक्षांत काय वाचीत होते याचें उत्तर त्या बाडाच्या दोऱ्यांत आहे. पोथ्या सोडवून विषयवार लावण्याची जी हौस कांहीं संग्राहकांस असते, तिनें हा पुरावा कायमचा नाहींसा होतो. दोरा सोडण्यापूर्वीं क्रम लिहून ठेवावा, एवढी तरी दक्षता प्रत्येकानें घ्यावी.

दुसरें साहित्य तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचें. यात्रेकरू आला कीं त्याचें नांव, गांव, कुल, गोत्र, सोबतचे आप्त व तिथि यांचा लेख वहींत व्हावयाचा, आणि पुढच्या पिढीच्या यात्रेकरूस तो दाखवावयाचा, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या वह्यांचा उपयोग आजवर झाला तो बहुधा वंशावळी जुळविण्यापुरता. पण आमच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे: कोणत्या गांवचे, कोणत्या जातीचे लोक, कोणत्या वर्षीं, सिंहस्थांत कीं एरवीं, उगमास आले, कोणता यजमान कोणत्या उपाध्यायाकडे व कां गेला. यजमानांच्या वाटणीवरून झालेल्या उपाध्यायांच्या तंट्यांचे कागद मराठी दफ्तरांत आढळतात. ते कागद व या वह्या शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे कोटिरुद्रसंहितेंतील पाणवठ्याचें भांडण इतिहासांत उतरलेलें दिसेल. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. घरें वाटलीं जातात तशा वह्याहि वाटल्या जातात. आणि वाटणी झालेल्या वहीचा क्रम पुन्हा लागत नाहीं.

तिसरें साहित्य प्रत्यक्ष स्थळ. गांवांतून वाहणारें गोदेचें पात्र कांहीं भागांत काँक्रीटच्या छताखालीं गेलें आहे. जुने घाट, पायऱ्या व त्यांवरील अक्षरें यांचे ठसे व छायाचित्रें प्रत्येक दुरुस्तीपूर्वीं घेतलीं गेलीं पाहिजेत. सिंहस्थ आला कीं दुरुस्त्या होतात, आणि दुरुस्त्या झाल्या कीं अक्षरें जातात. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या संबंधांत हें काम पुढें ढकलण्यास मुळींच सवड नाहीं.

वाचकांस विनंति अशी कीं, ज्यांच्या संग्रहीं गौतमीमाहात्म्याची किंवा त्र्यंबकमाहात्म्याची पोथी असेल त्यांनीं निदान पुढील गोष्टी टिपून प्रसिद्ध कराव्या: पहिल्या व शेवटच्या पानाची अक्षरशः नक्कल, शक, संवत्सर व तिथि, लेखक व मालक यांचीं नांवें, लिहिल्याचें ठिकाण, अध्यायांचे अंक स्वतंत्र आहेत कीं पुराणाच्या क्रमाचे, बाडांत सोबत कोणते ग्रंथ आहेत, आणि समासांत कोणत्या टीपा आहेत. कुशावर्ताच्या प्रसंगापाशीं पान अधिक मळलेलें किंवा झिजलेलें असेल तर तेंहि लिहावें. कोणता भाग वारंवार वाचला जात होता, याची साक्ष तें पानच देईल.